एनएलएस (प्रथिनाला न्यूक्लिअसचा पत्ता देणारा छोटा तुकडा) जोडूनही माझं जीएफपी-प्रथिन (हिरव्या चमकणाऱ्या जीएफपीला जोडलेलं) सायटोप्लाझममध्ये का दिसतं? न्यूक्लिअसमध्ये ढकलायला एटीपी कमी पडतो का?

एटीपीचं आधी डोक्यातून काढा. केंद्रकपटलातलं छिद्र कुणालाही ढकलत नाही. 'एटीपी खर्चून प्रथिन आत ढकलले जाते' असं उत्तरपत्रिकेत लिहिलं की मार्क मिळतात, म्हणून ही समजूत एमएस्सीपर्यंत टिकते.

इम्पॉर्टिन ही वाहक प्रथिनं. इम्पॉर्टिन-अल्फा एनएलएस धरतो, इम्पॉर्टिन-बीटा अल्फाला धरतो, आणि बीटा एफजी-न्यूक्लिओपोरिनांच्या (छिद्राच्या आतल्या प्रथिनांच्या) जाळीतून वाट काढतो. ही वाट दोन्ही बाजूंनी सारखीच खुली असते. आत क्रोमॅटिनवर (डीएनए आणि त्याभोवतीच्या प्रथिनांवर) बसलेलं आरसीसी१ हे प्रथिन रॅन नावाच्या छोट्या प्रथिनावर जीटीपी (एटीपीसारखाच ऊर्जारेणू) चढवत असतं. रॅन-जीटीपी बीटाला चिकटला की माल सुटतो. बाहेर रॅन-गॅप या प्रथिनाच्या मदतीने त्या जीटीपीचा जीडीपी होतो आणि एनटीएफ२ हा वाहक रॅनला परत आत नेतो. म्हणजे खर्च जीटीपीचा, तोही छिद्र ओलांडून झाल्यावर. १९९९ मध्ये नाचुरी आणि वाइस यांनी रॅन-जीटीपीचा उतार (आत जास्त, बाहेर कमी) उलटा केला, तर वाहतूकही उलटी फिरली. यानंतर ढकलणाऱ्या पंपाची गोष्ट कशाला सांगायची? अझाइड (पेशीचा एटीपी संपवणारं विष) घातल्यावर वाहतूक थांबते हे खरं, पण एटीपी संपला की जीटीपीही आटतो, म्हणून.

आता तुमचं प्रथिन. जीएफपी २७ किलोडाल्टनचा. साधारण ३०-४० किलोडाल्टनपर्यंतचं प्रथिन वाहकाशिवायही पाझरतं, आणि ही मर्यादा काटेकोर नाही, आकार वाढेल तसा वेग घटत जातो. तुमचा तुकडा छोटा असेल तर तो आत जातो तसा बाहेरही गळतो. दोन-तीन जीएफपी ओळीने जोडा. एकट्या जीएफपीवर काढलेला निष्कर्ष मी तरी मानत नाही. शिवाय सर्वांत चमकणाऱ्या पेशींचे फोटो काढू नका, तिथे इम्पॉर्टिन पुरत नाही. फिकट पेशी बघा. फिक्सिंग मेथॅनॉलने केलं असेल तर विद्राव्य प्रथिन जागा सोडतं, जिवंत पेशीत पडताळा. प्रथिनात एनईएसही (न्यूक्लिअसबाहेर नेणारा पत्ता) लपलेला असू शकतो. तो तपासायला सीआरएम१ या बाहेर नेणाऱ्या वाहकाला रोखणारं लेप्टोमायसिन बी द्या: २० नॅनोमोलर, एक तास. त्यानंतर न्यूक्लिअस भरला, तर सीआरएम१ ते बाहेर नेत होता.

एवढं करूनही शंका उरली तर डिजिटोनिन, म्हणजे पेशीच्या बाह्यपटलाला भोकं पाडून न्यूक्लिअस शाबूत ठेवणारं रसायन. हेला पेशी, बर्फावर ५ मिनिटं, ४० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपासून सुरुवात, पण लॉट बदलला की मात्रा पुन्हा ठरवा. पेशीच्या बाह्यपटलात कोलेस्टेरॉल जास्त, म्हणून आधी तेच फुटतं. मात्रा चढली की केंद्रकपटलही जातं आणि मग सगळंच 'आत' दिसतं. ट्रिपॅन ब्लू या रंगावर विसंबू नका, त्याने बाह्यपटल फुटलं एवढंच कळतं. ७० किलोडाल्टनचा फ्लुरोसंट डेक्स्ट्रान (छिद्रातून पाझरू न शकणारा मोठा रेणू) घाला. न्यूक्लिअस काळाच राहिला पाहिजे. उजळला तर ती स्लाइड टाकून द्या. मग ३० अंशांवर पेशीद्रवाचा अर्क आणि ऊर्जामिश्रण देऊन अर्धा तास, सोबत बर्फावरचा कंट्रोल. बर्फावरही न्यूक्लिअस तेवढाच भरला, तर ते पाझरणं आहे.

एक अपवाद राहिला. एमआरएनए एनएक्सएफ१ या वाहकाच्या आधारे बाहेर पडतो, रॅनच्या नव्हे, आणि छिद्राच्या बाहेरच्या तोंडाशी डीबीपी५ हे एन्झाइम एटीपी मोडून तो मागे सरकणार नाही याची सोय करतो. म्हणजे छिद्रापाशी एटीपी खर्च होतो म्हणणारे तिथे बरोबर आहेत. तुमचं मात्र प्रथिन आहे.