‘हरकत केली’ की ‘हरकत घेतली’?

दारव्हा तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे की, ग्रामपंचायत निवडणुकीच्या छाननीत एका उमेदवाराने दुसऱ्याच्या नामनिर्देशनपत्राविरुद्ध मुद्दा मांडला, तर त्याने ‘हरकत केली’ असे लिहावे की ‘हरकत घेतली’; आणि हरकत, आक्षेप, तक्रार व अपील हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात काय.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. चालत नाहीत. ‘छाननीत तक्रार केली’, ‘निकालावर आक्षेपाची याचिका टाकली’ अशी वाक्ये बातम्यांत वाचून वाचून आता तहसील कार्यालयाच्या आवारातही ऐकू येतात, आणि त्यांचा मला मनापासून राग येतो. कारण शब्द चुकला की माणूस चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो आणि तेवढ्यात मुदत निघून जाते. छाननीच्या दिवशी, ठरलेल्या वेळेत, अमुक एका पत्राविरुद्ध, कारण दाखवून आणि शक्यतो लेखी जे मांडले जाते ती हरकत. तिला आक्षेप म्हटले तरी बिघडत नाही. आचारसंहितेचा भंग झाला, मतदानाच्या आदल्या रात्री दारू वाटली गेली, तर ती तक्रार. अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल आणि नियमांत सोय असेल, तर वरच्या ठिकाणी जाते ते अपील; 2025 च्या नगरपरिषद निवडणुकांत अशीच अपिले जिल्हा न्यायालयांत गेली आणि काही ठिकाणचे मतदान त्यापायी 2 डिसेंबरवरून 20 डिसेंबरवर गेले. निकाल लागल्यानंतरचा मार्ग याचिकेचा. आमदार-खासदारांच्या निवडीविरुद्धची याचिका 45 दिवसांच्या आत उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्या भागापुरते नागपूर खंडपीठात, करावी लागते. ग्रामपंचायत सदस्याच्या निवडीविरुद्ध ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 15 खाली 15 दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीशाकडे जावे लागते. ‘तक्रार तर केली होती’ असे सांगणाऱ्याला सोळाव्या दिवशी त्या तक्रारीचा काहीही उपयोग होत नाही.

आता हरकतीकडे वळतो, कारण या सगळ्या शब्दांत खरा इतिहास तिच्याच पोटात आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हालचाल, गती. अरबी-फारसी लिपीत व्यंजनावर जी ज़बर, ज़ेर, पेश ही स्वरचिन्हे देतात, त्यांनाही हरकतच म्हणतात, कारण स्वर मिळाला की अक्षर हलते. स्वर नसलेले अक्षर ‘साकिन’, म्हणजे जागीच थांबलेले. हा साकिन आपल्याला परका नाही. जुन्या मराठी कागदांत ‘अमुक साकिन मौजे तमुक’ असे लिहिलेले असते, म्हणजे त्या गावी राहणारा, तेथे स्थिर असलेला. ज्या दोन शब्दांची अरबीत विरोधी जोडी आहे, ते दोन्ही मराठी दप्तरात आले, एक माणसाचा पत्ता सांगू लागला आणि दुसरा त्याच्या वाटेतला अडथळा, याचे मला आजही नवल वाटते. गाण्यातही हरकत आहेच. गवई एका सुरावर स्थिर असताना चटकन जी छोटी जागा काढतो ती हरकत, आणि तीसुद्धा तो ‘घेतो’.

हालचालीचा अर्थ उलटून अडथळा कसा झाला? येथे काही जाणकार सांगतात की मराठीने ‘हर्ज’ (म्हणजे अडचण) आणि ‘हरकत’ यांची गल्लत केली. ‘काय हर्ज आहे’ याचेच ‘काय हरकत आहे’ झाले. हे मत ऐकायला सोपे आहे, पण कागदपत्रांपुढे टिकत नाही. जुन्या सनदांत आणि आज्ञापत्रांत ‘हिला हरकत न करणे’ अशी ठरीव शब्दरचना येते. हिला म्हणजे बहाणा, युक्ती. इनामदाराच्या ताब्यातील जमिनीत कोणी बहाणा काढून हात घालू नये, असा तिचा आशय. त्या वाक्यातले क्रियापद पाहावे: करणे. हर्ज ‘असतो’, तो कोणी ‘करत’ नाही. सनदेतली हरकत ही कृती आहे, दुसऱ्याच्या शांत ताब्यात केलेली हालचाल आहे, म्हणजेच अरबी अर्थ तेथे जसाच्या तसा शाबूत आहे. अडथळ्याचा अर्थ त्या कृतीच्या परिणामातून आला. त्यासाठी हर्ज उसना आणण्याची काहीच गरज नव्हती. गल्लतीचा सिद्धांत मांडणाऱ्यांनी सनदांच्या भाषेकडे पाहिलेलेच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढची पायरी मराठीची स्वतःची आहे. क्रियापद बदलले. ‘करणे’ जाऊन ‘घेणे’ आले, आणि त्याबरोबर हरकत हातातून तोंडात आली. आपण शंका घेतो, आक्षेप घेतो, नाव घेतो. ही सगळी घेणी बोलण्याची आहेत. हरकत करणारा शेताचा बांध कोरतो. हरकत घेणारा फेरफाराच्या नोटिशीला मुदतीत उत्तर देतो. ‘ना हरकत प्रमाणपत्र’ जुळले ते याच दुसऱ्या अर्थावर. अरबी कानाला ‘ना हरकत’ म्हणजे निश्चल वाटेल, मराठीत त्याचा अर्थ ‘खुशाल पुढे जा’ असा होतो.

विदर्भात मात्र हिंदीच्या शेजारामुळे दोन्ही अर्थ एकाच ओसरीवर नांदतात. ‘पोट्टं लय हरकती करते’ यातली हरकत खोडीची आहे आणि ती ‘करायची’ असते. त्यामुळेच छाननीनंतर बाहेर आलेला उमेदवार ‘त्यानं माह्या फारमावर हरकत केली’ असे सांगतो, तेव्हा त्याच्या मनात दोन्ही अर्थ एकत्र असतात: समोरच्याने मुद्दा मांडला आणि खोडीही काढली. बोलीत हे वाक्य अगदी जिवंत आहे, मी ते कोणालाही दुरुस्त करायला सांगणार नाही. कागदावर मात्र ते नको, कारण तेथे केवळ मांडलेला मुद्दा पाहायचा असतो, त्यामागची खोडी नव्हे.

कायद्यानेही नेमका हाच भेद पाळला आहे, असे मी मानतो. मद्रास राज्यातील नामक्कल येथील एका उमेदवाराचे नामनिर्देशनपत्र नाकारले गेले आणि तो मध्येच न्यायालयात गेला, तेव्हा पोन्नुस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1952 साली सांगितले की, निवडणूक म्हणजे अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया, आणि तिला आव्हान द्यायचे ते शेवटी, याचिकेनेच. राज्यघटनेच्या अनुच्छेद 329 चा आधार त्यामागे होता. पंचायतींसाठी तशीच तरतूद पुढे अनुच्छेद 243-ण मध्ये आली. चालत्या निवडणुकीत हरकत करू नका, म्हणजे ती अडवू नका. हरकत घ्या, ती नोंदली जाईल. सनदेतले ‘हिला हरकत न करणे’ हेच आज घटनेच्या भाषेत लिहिलेले आहे, एवढे मी ठामपणे म्हणेन.

घेतलेली हरकत कशी असावी, हे छाननीच्या टेबलावर चटकन कळते. समोरच्याला दोनपेक्षा अधिक अपत्ये आहेत असे नुसते म्हणणे म्हणजे केवळ बोलणे. जन्मनोंदीचा उतारा जोडून, त्या कारणाने पत्र अवैध ठरवावे असे लिहून सही केली की ती हरकत. वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकली यावर घेतलेली हरकत सहसा टिकत नाही. आमदार-खासदारांच्या निवडणुकीला लागू असलेल्या लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 36 मध्ये स्पष्टच आहे की, जो दोष भरीव स्वरूपाचा नाही त्यासाठी पत्र नाकारायचे नाही, आणि नाकारलेच तर कारणे थोडक्यात लिहून ठेवायची. मतदान केंद्रावर हरकतीला पैसेही मोजावे लागतात. लोकसभा-विधानसभेच्या नियमांप्रमाणे मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेणाऱ्या प्रतिनिधीला प्रत्येक आक्षेपामागे दोन रुपये केंद्राध्यक्षाकडे ठेवावे लागतात आणि आक्षेप खोडसाळ ठरला तर ते जप्त होतात. खोडसाळ, म्हणजे पुन्हा हरकत ‘करणारा’.

तेव्हा लिहिताना ‘हरकत घेतली’ असेच लिहावे. आणखी एक, जे विचारलेले नाही पण त्याच कागदावर हटकून चुकते: छाननीत पत्र नाकारले गेले तर ‘उमेदवारी रद्द झाली’ असे लिहू नये, ‘नामनिर्देशनपत्र अवैध ठरले’ असे लिहावे; आणि हरकतीवर अधिकारी जो देतो तो ‘निर्णय’, त्याला ‘निकाल’ म्हणू नये. निकाल मतमोजणीनंतर लागतो, आणि कलम 15 चे ते 15 दिवस त्या निकालापासून मोजतात.