जॅकशाफ्ट बसवल्यावर चेन सारखी का उतरते?

तुमच्या टू-स्ट्रोक इंजिनच्या सायकलवर जॅकशाफ्ट किट (इंजिनाचा जोर मधल्या आडव्या दांड्यातून पेडलच्या क्रँककडे नेणारी जोडणी) लावल्यापासून उजवीकडची, जॅकशाफ्टवरून क्रँकला जाणारी चेन उतरतेय, म्हणजे दहापैकी नऊ वेळा दोष अलाइनमेंटचा: चेनची दोन दातेरी चाकं एका रेषेत नसतात. चेन बदलू नका, पैसे वाया जातील.

जॅकशाफ्टच्या प्लेटचे सगळे बोल्ट आधी ढिले करा. मग स्टीलची सरळ पट्टी जॅकशाफ्टच्या उजव्या स्प्रॉकेटवर (दातेरी चाकावर) सपाट टेकवा आणि क्रँकच्या चेनरिंगपर्यंत (पेडलजवळच्या मोठ्या दातेरी चाकापर्यंत) न्या. पट्टी दोन्हीकडे एकसारखी टेकली पाहिजे. एक-दोन मिलिमीटरचा फरकही इथे नडतो, कारण दोन स्प्रॉकेटमधलं अंतर फार कमी असतं. स्प्रॉकेट शाफ्टवर सरकवून किंवा वॉशर घालून फरक काढा, मगच बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळा. आवळताना प्लेट हलते, म्हणून शेवटी पट्टी पुन्हा लावून बघाच.

चेन मधोमध बोटाने दाबली की साधारण १० ते १२ मिलिमीटर खाली जावी. क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून सगळ्यात ताठ जागी हे मोजा. चेनरिंग थोडी लंबवर्तुळाकार फिरत असेल तर ते लगेच कळतं.

बोल्टना निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव) हवंच, ही इंजिनं भयंकर थरथरतात.

आणि गिअर बदलताना थ्रॉटल सोडून क्लच दाबा. आता इंजिनाचा सगळा जोर मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) चेनवरून जातो, ती चेन मुळात पायांच्या ताकदीसाठी बनलेली आहे.