रायगडावर मोबाइल गेम करतोय, गोष्ट कशी सांगू?

प्रश्न: आम्ही कॉलेजचे काही मित्र रायगडासाठी मोबाइल गेम बनवतोय. ठरलेल्या जागी पोचलं की गोष्टीचा पुढचा भाग उघडतो, महादरवाजापासून सुरू होऊन राज्याभिषेकाला संपतो. पण ट्रायलला आलेली पोरं गड बघतच नाहीत, फोनमध्ये डोकं घालून पुढच्या पॉइंटकडे पळतात, आणि रोपवेनं आलेल्यांना तर काही कळतच नाही. काय करावं?
– एक वाचक, महाड

उत्तर: आधी रोपवेचं बघू, खरी मेख तिथंच आहे. पायऱ्यांनी येणारा महादरवाजातून आत शिरतो, रोपवेवाला थेट मेणा दरवाज्याजवळ उतरतो, मग एक-दोन-तीन असा क्रम लावून गोष्ट चालणारच नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या क्वीन स्क्वेअरमध्ये २००४ साली हे फार छान जमवलं होतं. त्या चौकात १८३१ मध्ये मतदानाच्या सुधारणेवरून मोठी दंगल झालेली, तर लोकांना जीपीएसवालं यंत्र आणि हेडफोन दिले, आणि चौकात जिथं जाल तिथं दंगेखोर, पळणारे व्यापारी, घोडेस्वार असे वेगवेगळे आवाज कानावर यायचे. कुठूनही शिरा, प्रत्येक तुकडा आपल्यापुरता पूर्ण.

तुम्हीही सगळी गोष्ट ६ जून १६७४ च्या आदल्या दिवसात बसवा, बाजारपेठेत दुकानदार बोलतोय, गंगासागरापाशी पाणी नेणारी बाई बोलतेय, सगळ्यांची घाई उद्याची. ही पात्रं कल्पनेतली आहेत हे मात्र सुरुवातीलाच सांगा, हिरकणीची कथाही दंतकथा म्हणूनच सांगा.

आता फोनमधलं डोकं. उत्तर स्क्रीनवर मिळूच नये असं कोडं घाला. जगदीश्वराच्या पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर’ असं कोरलंय ना, मग फक्त ‘गड बांधणाऱ्याचं नाव शोधा’ एवढंच म्हणा. पोराला वाकून वाचावं लागेल, आणि एवढी राजधानी उभारणाऱ्यानं आपलं नाव भक्तांच्या पायाखाली ठेवलं हे कुणी न सांगता त्याच्या लक्षात येईल, मला तर अख्ख्या गडावरची ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. तसंच एकाला नगारखान्यात उभं करा, दुसऱ्याला सिंहासनाच्या चौथऱ्यापाशी, हळू बोललेलं ऐकू येतं, फोन खिशातच.

समाधीपाशी पॉइंट, स्कोअर काहीही नको. २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा खऱ्या जागांवर फिरून खेळायचा मोबाइल गेम आल्यावर पोलंडमधल्या ऑशविट्झ या नाझी छळछावणीच्या स्मारकानं आमची जागा गेममधून काढा अशी मागणी केली होती, ती अगदी रास्त होती. आणि टकमक टोक, हिरकणी बुरूज इथले पॉइंट कड्यापासून चांगले आत घ्या, कारण मोकळ्या आभाळाखालीही फोनचं जीपीएस पाचेक मीटर इकडंतिकडं होतं. गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे, त्यामुळे भिंतींवर क्यूआर कोड वगैरे चिकटवू नका, आधी त्यांना भेटा, आणि सगळे आवाज पायथ्यालाच डाउनलोड होतील अशी सोय ठेवा म्हणजे वर रेंज नसली तरी अडणार नाही.