व्हेगस चेता कापल्यावर जठराचा रक्तप्रवाह का घटतो?

कुत्र्यांवरील प्रयोगांत व्हेगस चेता (मेंदूपासून जठरापर्यंत जाणारा मज्जातंतू) कापल्यावर जठराच्या अस्तराचा रक्तप्रवाह घटलेला दिसतो, तेव्हा ही चेता रक्तवाहिन्या थेट उघड्या ठेवते असे समजावे का, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. माझे उत्तर ‘काही अंशी’ असे आहे.

मांजरात व्हेगसला विजेने उद्दीपित केले की जठराचा रक्तप्रवाह वाढतो आणि ॲट्रोपिन (व्हेगसचा नेहमीचा रासायनिक संदेश अडवणारे औषध) दिल्यावरही ही वाढ पूर्णपणे मावळत नाही, त्यामुळे थेट परिणाम नाकारता येत नाही. मात्र चेता कापल्यानंतरच्या घटीत मोठा वाटा आम्लस्राव मंदावण्याचा असतो. आम्ल तयार करणाऱ्या पेशींना ऑक्सिजन भरपूर लागतो. त्यांचे काम थंडावले की रक्ताची गरजही उतरते. आमच्याकडे यंत्रमाग बंद असले की विजेचा वापर घटतो, म्हणून कोणी तार तुटली असे म्हणत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे रक्तप्रवाह मोजला कसा, हे आधी पाहावे. १९६० च्या दशकात कुत्र्यांत रूढ झालेल्या पद्धतीत ॲमिनोपायरीन हे औषध शिरेतून देतात. ते रक्तातून अस्तर ओलांडून जठररसात उतरते आणि तिथल्या आम्लात विद्युतभारित होऊन अडकून पडते, आणि रसात ते किती साठले यावरून प्रवाहाचा हिशेब मांडला जातो. आता व्हेगस कापल्यामुळे रसच आटला, तर आकडा खाली येणारच, प्रवाह प्रत्यक्षात तितका घटलेला असो वा नसो! सुमारे १५ मायक्रोमीटर व्यासाचे किरणोत्सारी मणी रक्तात सोडून ते केशवाहिन्यांत किती अडकले हे मोजण्याच्या पद्धतीत ही अडचण नसते. अर्थात त्यासाठी शेवटी जठर बाहेर काढून तपासावे लागते.

स्प्लँक्निक चेतांची (पाठीच्या कण्याकडून पोटातील अवयवांकडे जाणाऱ्या चेतांची) गोष्ट उलटी आहे. त्या उद्दीपित केल्या की वाहिन्या आकसतात, पण उद्दीपन चालू असतानाही काही मिनिटांत प्रवाह बराचसा सावरतो. याच मार्गाने जाणारे काही संवेदी तंतू मिरचीतल्या कॅप्सेसिनला प्रतिसाद देतात. उंदरांत ते कॅप्सेसिनच्या मोठ्या मात्रेने निकामी केले, तर एरवीचा प्रवाह फारसा बदलत नाही. मात्र आम्ल अस्तरात झिरपू लागल्यावर जो प्रवाह झपाट्याने वाढायला हवा तो वाढत नाही आणि इजा अधिक खोल जाते.