जिल्ह्याचं उत्पन्न आणि घरातला पैसा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (वरोरा) : चंद्रपूर जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न पेपरात वाचतो. आमच्या गावात एवढा पैसा येतो कोणाच्या घरी?

उत्तर : तो आकडा घरांचा नाहीच. जिल्ह्यात वर्षभरात झालेल्या उत्पादनाचं, कच्च्या मालासारखा खर्च वगळून उरलेलं मूल्य लोकसंख्येनं भागलेलं असतं. कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र, सिमेंट कारखाने यांचा नफा मुंबईला गेला तरी उत्पादन चंद्रपूरच्याच खात्यात. उलट, पुण्याला कामाला गेलेला पोरगा घरी पैसे पाठवतो, त्याची या हिशेबात नोंदच नाही. घरातला पैसा मोजायला घरोघरीच जावं लागतं.

प्रश्न (घाटंजी) : कापूस विकला, पैसे कृषी केंद्राच्या उधारीत गेले. सरकारी पाहणीवाल्यांना उत्पन्न शून्य सांगू का?

उत्तर : नका सांगू. उधारीवर आणलेलं बियाणं-खत खर्चात एकदा धरलं जातं. उधारी फेडली म्हणून तीच रक्कम पुन्हा वजा करायची नाही. फवारणी, वेचणीची मजुरीही खर्चात येते. केंद्र सरकार घरोघरी करतं त्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 77 व्या फेरीत याच कामासाठी एकेका घरी दोनदा गेले. खरीप आणि रब्बीचा हिशेब एका दमात आठवत नाही. 2018-19 मध्ये देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये निघालं. त्यात मजुरी-पगाराचे 4,063, पिकाचे 3,798. म्हणजे शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा मजुरी-पगार जास्त! विकत न आणता घरचंच वापरलं, त्याचीही किंमत खर्चात धरली की 10,218 चे 8,337 होतात. मला हाच आकडा जास्त खरा वाटतो.

प्रश्न (कोरची) : आमच्याकडे उत्पन्न न विचारता खर्चच का विचारतात?

उत्तर : उत्पन्न लोकांना नीट आठवत नाही, आठवलं तरी सांगवत नाही. पूर्वी ते विचारून पाहिलं, तर खर्च आणि बचत मिळून उत्पन्नापेक्षा जास्त भरायची! खर्चात घरचा तांदूळ, जंगलातलं सरपण यांचीही किंमत धरतात. 2023-24 मध्ये ग्रामीण भारताचा दरडोई मासिक खर्च 4,122 रुपये, शहरी 6,996. मात्र सधन माणूस सगळं खर्च करत नाही, बचत करतो. त्यामुळे खर्चातून दिसणारी विषमता उत्पन्नातल्या विषमतेपेक्षा कमी दिसते.

प्रश्न (दर्यापूर) : महाराष्ट्रातला प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीनं घरातला पैसा मोजला नव्हता का?

उत्तर : नाही. 1984 च्या त्या अहवालात रस्ते, सिंचन, शाळा यांसारख्या सोयींचा अनुशेष, म्हणजे कोणता जिल्हा किती मागे राहिला, हे मोजलं होतं. कालवा गावापर्यंत आला की नाही हे त्यातून कळतं. त्या पाण्यानं कोणाच्या घरात किती पैसा आला, हे नाही.