घरचं सोयाबीन बियाणं: बॅग आणायच्या आधी स्वतःच्या पोत्यात हात घाला

खरीप तोंडावर आला की फोन सुरू होतात, यंदाही तेच. निम्म्याच्या वर प्रश्न सोयाबीनच्या बियाण्याचे आहेत म्हणून एकत्रच उत्तर देतोय, नीट वाचा आणि घरातल्यांनाही वाचून दाखवा.

पहिला प्रश्न असा: "साहेब, घरात ४ क्विंटल फुले संगम वाणाचं सोयाबीन ठेवलंय, दोन वर्षांपूर्वी सर्टिफाईड बॅग आणली होती, तिच्याच पिकातलं आहे. दुकानदार म्हणतो घरच्याला उतारा पडत नाही, नवीन घ्या. काय करू?"

दादा, घरचंच पेरा, फक्त आधी उगवणीची चाचणी घ्या. सोयाबीनचे आपल्याकडचे सगळे वाण सरळ आहेत, परागीभवन त्याच फुलात होतं, हे काही कपाशीसारखं हायब्रीड नाही की दरवर्षी पाकीट फोडावं लागेल. एकदा प्रमाणित बियाणं आणलं की त्यापासूनचं तीन वर्षं वापरता येतं, भेसळीची झाडं मात्र फुलोऱ्यात उपटून टाकलेली पाहिजेत. हिशोब बघा, २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल, म्हणजे एकराला लागणारं ३० किलो घरचं सोयाबीन हमीभावाने धरलं तरी १६०० रुपयाच्या आत बसतं. आता दुकानात बॅगेचा रेट विचारून या. दुकानदार बॅग विकायला बसलाय, तुमचा उतारा काढायला नाही, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी निम्मे लोक त्याचंच ऐकतात.

चाचणीला खर्च शून्य आहे. प्रत्येक पोत्यातून वरून, मधून, तळातून मूठ मूठ काढा, सगळं मिसळा आणि त्यातले न निवडता १०० दाणे मोजा. न निवडता म्हणजे न निवडता, चांगले टपोरे वेचून चाचणी लावली तर फसवणूक स्वतःचीच होते. गोणपाट ओलं करून पिळून घ्या, त्यावर १० च्या १० ओळी मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा, पण पाणी साचू देऊ नका, दाणा सडतो. आठव्या दिवशी उघडा. ज्याचा कोंब सरळ, मूळ धड आणि दोन्ही दळं, म्हणजे दाण्याच्या दोन्ही डाळी, शाबूत तेवढेच मोजायचे, बुरशी आलेले, दळ तुटलेले, नुसते फुगलेले मोजायचे नाहीत. असं तीन वेळा करा आणि सरासरी काढा.

मागच्या वर्षी एका शेतकऱ्याच्या ओसरीत मी दोन गुंडाळ्या स्वतः उघडल्या, वाण एक, शेत एक, एकीत ७८ उगवले होते आणि दुसरीत ४१. दुसरीतले बरेच दाणे हातात घेतले की साल सुटून दळं वेगळी व्हायची. विचारलं तर म्हणाला अर्ध्या मालाला मळणीयंत्र जोरात चालवलं होतं, पाऊस येत होता म्हणून. सोयाबीनचं साल पातळ आणि कोंब अगदी सालाच्या खालीच, त्यामुळे ड्रमचे फेरे ४०० च्या आसपास ठेवा असं आम्ही ओरडतो ते याच्यासाठी. पोती आपटायची नाहीत, चार-पाचच्या वर थप्पी लावायची नाही, प्लास्टिकच्या पोत्यात बियाणं ठेवायचं नाही.

शंभरातले सरासरी ७० किंवा वर उगवले तर एकरी ३० किलो बियाणं. त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवा, म्हणजे ६५ ला साडेबत्तीस, ६० ला ३५. साठच्या खाली असेल तर ते बियाणं नाही, धान्य आहे, मोंढ्यात घालून टाका.

आता दुसरा प्रश्न, "चाचणीत ५२ आले, दुकानदार म्हणतो एकरी ४० किलो टाका आणि हे उगवणीचं टॉनिक लावा, निघून जाईल."

नाही निघणार. मेलेल्या दाण्याला टॉनिक पाजून तो जिवंत होत नाही, आणि जे ५२ उगवलेत त्यातलेही जमिनीत, पपडी धरली की, वर यायला कमी पडतात. ४० किलो टाकूनही कुठे दाट कुठे मोकळं असं रान दिसतं, मग दुबार पेरणी, मग पुन्हा त्याच दुकानात. गावातच कुणाकडे ७० च्या वर उगवणीचं असेल तर त्याच्याकडून घ्या, अदलाबदल करा. आणि दोन वर्षं जुनं पडून असलेलं सोयाबीन अजिबात नको, तेलाचा दाणा आहे, ज्वारीसारखा टिकत नाही.

"बुरशीनाशक, कीटकनाशक, रायझोबियमचे जिवाणू सगळं एकत्र कालवून लावलं तर चालेल का, दुकानातून किट दिलंय."

चालणार नाही! एकत्र कालवलं की जिवाणू तिथेच मरतात, पैसे गेले. क्रम ठरलेला आहे. आधी बुरशीनाशक, कार्बॉक्झिन ३७.५ अधिक थायरम ३७.५ टक्के, किलोला ३ ग्रॅम. मग खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम ३० एफएस, किलोला १० मिली. सावलीत सुकवा. आणि पेरणीच्या दोन-तीन तास आधी रायझोबियम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), पावडरचं असेल तर १० किलोला प्रत्येकी २५० ग्रॅम. ३ ग्रॅम म्हणजे ३ ग्रॅमच, "जरा जास्त टाका, जोरात निघतं" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, जास्त औषधाने कोंब अडतो, हे मी कित्येक शेतांत पाहिलंय. पाणीही अगदी थोडं, ओलं करून घासलं तर साल सुटतं. हातमोजे घाला. आणि चाचणी आधी, औषध नंतर, कारण औषध लावलेलं सोयाबीन मोंढ्यातही विकता येत नाही आणि जनावरालाही घालता येत नाही.

"रोहिणीचा ४० मिमी पाऊस झाला, शेजाऱ्याने पेरलं, मी मागे राहतो का?"

राहा मागे. ७५ ते १०० मिमी पाऊस पडून ओल खाली उतरल्याशिवाय पेरू नका. परत सांगतो, निदान ७५ मिमी. शेजारी, दुकानदार, ट्रॅक्टरवाला कुणीही घाई केली तरी नको. १५ जुलैपर्यंत वेळ आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारींचा ढीग लागला होता, आणि त्यात विकतच्याच बॅगा होत्या, म्हणून बॅग आणली तरी तिचीही हीच चाचणी घ्या, पावती, टॅग आणि मूठभर बियाणं जपून ठेवा. पेरताना खोली ३ ते ४ सेंमी, ट्रॅक्टरवाला खाली दाबतो तेव्हा उभं राहून बघा. जमलं तर बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर, पेरा, ओल टिकते आणि जास्त पाण्याचा निचरा होतो.

खताचं थोडक्यात. एकरी ३ बॅग सिंगल सुपर फॉस्फेट, २६ किलो युरिया, २० किलो पोटॅश, सगळं पेरणीबरोबर, गंधक सुपरमधून येऊन जातं. माती परीक्षणाचा रिपोर्ट असेल तर त्याप्रमाणे कमीजास्त करा. नंतर वरून युरिया टाकायचा नाही, सोयाबीन नुसतं पाल्यावर जातं आणि शेंगा कमी लागतात. पस्तीस-चाळीस दिवसांनी एक झाड मुळासकट अलगद उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा, आतून गुलाबी-लाल दिसली तर हवेतला नत्र ती फुकट ओढतेय, मग युरियाची गोणी कशाला आणता? आणि डीएपीबरोबर जबरदस्तीने दुसरं काही गळ्यात मारत असतील तर ते लिंकिंग आहे, बेकायदेशीर आहे, पंचायत समितीच्या कृषी विभागात लेखी तक्रार द्या.

बीबीएफ यंत्राच्या अनुदानाबद्दल बरेच विचारतात, अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा, आधी खरेदी करून मग अर्ज करू नका.

शेवटचा एका ताईंचा प्रश्न आवडला, "बांधावर चार कडुलिंब आहेत, निंबोळ्या पडून वाया जातात, काही होईल का?" होईल ताई, आणि आत्ताच. पिकलेल्या निंबोळ्या गोळा करा, गर धुऊन काढा, सावलीत वाळवा आणि हवा खेळती राहील अशा गोणीत ठेवा, ओल्या भरल्या तर बुरशी येते. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी ५ किलो कुटून १० लिटर पाण्यात भिजत घाला, सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून घाला आणि एकूण १०० लिटर करा, हा झाला ५ टक्के अर्क. अळ्या बारीक असतानाच, ऊन उतरल्यावर मारा, मोठ्या झाल्यावर याने काम होत नाही, आणि केलेला अर्क त्याच दिवशी संपवा.