सरबताचे उडते थेंब घरच्या फ्लॅशवर स्पष्ट कसे टिपायचे?

शटर १/२००० सेकंद ठेवूनही थेंब पुसट येतात, असं तुम्ही लिहिलंय. कारण तिथेच आहे. एवढ्या शटरला फ्लॅश हाय-स्पीड सिंकमध्ये जातो, एकदाच चमकण्याऐवजी भराभर लुकलुकत राहतो, आणि थेंब गोठवण्याची त्याची ताकद जाते. हाय-स्पीड सिंक बंद करा. शटर १/२०० पुरे, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११.

खोलीत अंधार करा, म्हणजे सेन्सरवर फक्त फ्लॅशचाच उजेड पडेल. आता फ्लॅश मॅन्युअलवर घेऊन पॉवर १/३२ करा. पॉवर कमी केली की साध्या स्पीडलाइटची (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशची) चमक मंद नाही, तर आखूड होते: पूर्ण पॉवरला साधारण १/१००० सेकंद किंवा जास्त, १/३२ ला १/१०,००० सेकंदाच्या आसपास. उजेड कमी पडला तर पॉवर वाढवू नका, फ्लॅश जवळ आणा.

फ्लॅश ग्लासच्या मागे ठेवा आणि मध्ये बटर पेपर ताणून लावा. कोकम सरबत असं मागून उजळलं की माणकासारखं लाल दिसतं. समोरून फ्लॅश मारला तर तेच काळपट येतं, शिवाय काचेवर पांढरा डाग पडतो.

फोकस ग्लासच्या काठावर मॅन्युअली लावून ठेवा. थेंब उडवायला ग्लासात टाकायचा बर्फ वितळतो, म्हणून अ‍ॅक्रिलिकचे खडे बरे. ते दुसऱ्याला टाकायला सांगा आणि तुम्ही बटणावर लक्ष ठेवा. फ्लॅशवर आणि ट्रिगरवर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश चालवणाऱ्या उपकरणावर) प्लॅस्टिकची पिशवी चढवायला विसरू नका, साखरेचं पाणी आत गेलं तर दुरुस्ती महागात पडते.